वेणीच्या विणीची करडी पिशवी वापरात लोंबते: दोष कोठे शोधावा आणि कसा काढावा

पिशवी विणून पूर्ण होते तेव्हा ती नेटकी असते, वेण्या उठावदार दिसतात आणि तोंड सरळ असते. परंतु बाजारातून दोन नारळ, किलोभर गूळ आणि मेथीची एक जुडी घेऊन घरी परतेपर्यंत ती चार बोटे लांबलेली असते, तिचा बंद खांद्यावरून मांडीपर्यंत उतरलेला असतो आणि ज्या वेण्यांसाठी एवढे कष्ट घेतले त्या ओढल्या जाऊन सपाट झालेल्या असतात. बेळगाव, निपाणी आणि खानापूर भागातील विणकाम करणाऱ्या माझ्या ओळखीच्या स्त्रिया गेले काही हिवाळे हीच तक्रार सांगत आल्या आहेत, आणि माझ्या स्वतःच्या पहिल्या दोन पिशव्यांचेही असेच झाले होते. अशा वेळी बहुतेक जणी हात सैल पडला असे समजून सारी पिशवी उसवतात आणि त्याच सुयांवर, तेवढ्याच टाक्यांची, तशीच पुन्हा विणतात. हात कितीही आवळला तरी दहा-बारा ओळींनंतर तो आपल्या सवयीच्या ताणावर येतोच, म्हणून नवी पिशवीही जुनीसारखीच लोंबते.

उसवण्यापूर्वी एक रात्र थांबावे आणि पिशवी नेमकी कोठे वाढते ते मोजून पाहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. रिकामी पिशवी सपाट पसरून तिची उंची, मधली रुंदी, तोंडाची रुंदी आणि बंदाची लांबी अशी चार मापे कागदावर लिहावीत. नंतर एक किलो तांदळाची पुडी आत ठेवून पिशवी खुंटीला टांगावी, सकाळी ती टांगलेली असतानाच पुन्हा मोजावी आणि तांदूळ काढून दोन तासांनी तिसऱ्यांदा मोजावी. माझ्या दुसऱ्या पिशवीची उंची तीस सेंटिमीटरांवरून पस्तिसावर गेली, मधली रुंदी तीन सेंटिमीटरांनी घटली, आणि पन्नास सेंटिमीटरांचा बंद तब्बल त्रेसष्ट सेंटिमीटर झाला. म्हणजे जिला मी अंगाची, म्हणजे बंद सोडून उरलेल्या पिशवीची, लांबण समजत होते तिचा मोठा वाटा प्रत्यक्षात बंदाचा होता. हे मोजले नसते तर मी तिसऱ्यांदाही अंगच उसवले असते.

बंद वाढत असेल तर त्याची वीण पाहावी. दोन्ही बाजूंनी सुलटच विणत गेल्यावर जी कंगोऱ्याकंगोऱ्यांची पट्टी तयार होते ती कडांना वळत नाही, म्हणून बंदासाठी बहुतेकांची पहिली पसंती तिलाच असते. परंतु या विणीत ओळी एकमेकींवर दाबून बसलेल्या असतात आणि वजन लागले की एकॉर्डियनच्या भात्याप्रमाणे त्या उघडत जातात. नुसत्या लोकरीचा कोणताही बंद थोडाफार ताणतोच. म्हणून मी बंदाची विणलेली पट्टी केवळ वरचे वेष्टन मानते आणि तिच्या आत अडीच सेंटिमीटर रुंदीची सुती नवार घालते. नवार भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावी. विणलेली पट्टी नवारेपेक्षा किंचित आखूड ठेवून ती नवारेवर हलकेच ताणून बसवावी, म्हणजे ती पुढे सुरकुतत नाही. आणि दोन्ही कडा सुती दोऱ्याने जोडाव्यात. ज्यांच्या पिशवीचे अंग ठीक आहे त्यांचे काम येथेच संपते, आणि त्यासाठी अंगाचा एकही टाका उसवावा लागत नाही.

अंग वाढत असेल तर मात्र पहिला संशय सुईच्या क्रमांकावर घ्यावा. आपल्याकडील जुन्या सुयांवर जे क्रमांक असतात ते ब्रिटिश पद्धतीचे आहेत: क्रमांक जसा वाढतो तशी सुई बारीक होते. या पद्धतीत आठ क्रमांकाची सुई ४ मिलिमीटरची, सहाची ५ मिलिमीटरची आणि दहाची ३.२५ मिलिमीटरची असते. अमेरिकी पद्धत याच्या नेमकी उलट आहे. तेथे क्रमांकाबरोबर जाडी वाढते आणि सहा क्रमांकाची सुई ४ मिलिमीटरची असते. वेण्यांच्या पिशव्यांच्या ज्या कृती हल्ली मोबाइलवर मिळतात त्यांतील पुष्कळशा अमेरिकी क्रमांक देतात. कृतीत सहा वाचून आपण आईच्या पेटीतली सहा क्रमांकाची सुई काढतो आणि नकळत एक मिलिमीटर जाड सुईवर विणू लागतो. माझ्याकडे आलेल्या सैल पिशव्यांपैकी अनेकींचे मूळ एवढ्यातच सापडले. क्रमांकावर विश्वास न ठेवता मिलिमीटर पाहावे, आणि सुईवर ते छापलेले नसतील तर छिद्रांच्या मोजपट्टीत सुई घालून खात्री करून घ्यावी.

मिलिमीटर जुळले तरी आणखी एक गोष्ट उरते. गुंड्याच्या कागदी पट्टीवर सुचवलेली सुई अंगावर घालण्याच्या कपड्यांसाठी असते. स्वेटर मऊ पडावा, कोपरात दुमडावा म्हणून त्याची वीण मोकळी ठेवतात, तर पिशवीला याच्या उलट गुण हवा. पट्टीवर ४ मिलिमीटरची सुई आणि १० सेंटिमीटरांत २२ टाके असे लिहिले असेल, तर पिशवीसाठी मी ३.२५ मिलिमीटरची सुई घेते आणि साध्या सुलट विणीचे १० सेंटिमीटरांत २५ टाके येतील असे पाहते. वीण हाताला घट्ट, थोडी ताठर लागली पाहिजे आणि प्रकाशासमोर धरल्यावर तिच्यातून उजेडाचे ठिपके दिसता कामा नयेत. बोटे दुखतात हे खरे आहे, म्हणून एका बैठकीत दहा-बारा ओळींहून अधिक विणू नये.

सैल विणीतील वेणीच प्रथम का सपाट होते, हे समजून घेतले की पुढचे उपाय आपोआप पटतात. विणलेला प्रत्येक टाका हा एक फासा असतो. त्याला खाली ओढले की त्याची रुंदी लांबीत जाते, तो अरुंद आणि उंच होतो. वेणी घालताना आपण तीन टाके उचलून दुसऱ्या तीन टाक्यांवरून ओलांडवतो, त्यामुळे त्या जागी कापड दुहेरी होते आणि पेड वर उठतो. फासे घट्ट असतील तर ओलांडलेल्या पेडाला सरकायला जागा नसते आणि तो उठूनच राहतो. सैल असतील तर वजनाने पेड सरळ होऊ पाहतात, दोन वेण्यांमधील उलट टाक्यांची पट्टी आत ओढली जाते आणि सारे एका पातळीवर येते. माझी कन्नड शेजारीण या विणीला ‘जडे’ म्हणते, आणि केसांच्या वेणीचा न्याय येथे तंतोतंत लागू पडतो: सैल घातलेली वेणी दुपारपर्यंत सुटते, आणि तिला खालून ओढले तर ती अधिकच लांब व बारीक होते.

पेड किती ओळींनी ओलांडावेत हेही याच्याशी जोडलेले आहे. सहा टाक्यांच्या वेणीला दर सहाव्या ओळीला ओलांडणे पिशवीसाठी मला सर्वांत योग्य वाटते. दर चौथ्या ओळीला ओलांडले तर वेणी दगडासारखी होते आणि विणताना टाके सुईवरून निघत नाहीत. दहाव्या किंवा बाराव्या ओळीपर्यंत थांबले तर लांब, मोकळे पेड सुंदर दिसतात, पण ते स्वेटरच्या छातीवर शोभावेत, ओझ्याखाली नव्हेत.

आता हिशेबाकडे येते, कारण कमरेत अरुंद आणि तोंडाशी झालरीसारखी पसरणारी पिशवी हा याच दुखण्याचा दुसरा चेहरा आहे. वेण्या कापडाला आडवे आत ओढतात. सहा टाके वेणीचे आणि मध्ये तीन टाके उलट अशा मांडणीत, वर सांगितलेल्या ताणावर, माझ्या नमुन्यात १० सेंटिमीटरांना ३२ टाके लागले, म्हणजे साध्या विणीपेक्षा सात अधिक. सव्वीस सेंटिमीटर रुंदीच्या एका बाजूवर नऊ वेण्या आणि दहा उलट पट्ट्या बसवल्या की चौऱ्याऐंशी टाके होतात. पण तळाची आणि तोंडाची पट्टी आपण बहुधा दाण्यादाण्यांच्या विणीत, म्हणजे एक सुलट एक उलट आणि पुढच्या ओळीत त्याच्या विरुद्ध, अशी विणतो, आणि तिला तेवढ्याच रुंदीसाठी सहासष्ट टाके पुरतात. चौऱ्याऐंशी टाके तसेच तोंडापर्यंत नेले तर पट्टी तेहतीस सेंटिमीटरांहून अधिक होऊ पाहते आणि झालर पडते. म्हणून तळापाशी सहासष्ट टाके घालावेत, पट्टी संपल्यावर प्रत्येक वेणीच्या जागी चाराचे सहा टाके करावेत, आणि वर तोंडाची पट्टी सुरू करण्यापूर्वीच्या ओळीत प्रत्येक वेणीत दोन ठिकाणी दोन-दोन टाके एकत्र विणून सहाचे पुन्हा चार करावेत. पिशवी तयार असेल आणि केवळ तोंडच पसरत असेल, तर वरची पट्टी तेवढी उसवून हे घटवण्याचे काम करता येते. अंगाला हात लावावा लागत नाही. वेण्यांना साध्या विणीपेक्षा लोकरही जास्त लागते, तेव्हा गुंडे मोजके घेऊ नयेत. बंदासह मला या मापाला सुमारे २५० ग्रॅम लागली.

लोकरीविषयी बोलताना आपल्याकडे शब्दानेच घोटाळा होतो. गणपत गल्लीत असो वा खडेबाजारात, दुकानदाराकडे लोकर मागितली की विणायचा कोणताही जाड धागा पुढे येतो आणि त्यात पुष्कळदा शंभर टक्के ॲक्रिलिक असते. कन्नडमध्ये ‘उण्णे’ म्हणून विचारले तरी फारसा फरक पडत नाही, म्हणून कागदी पट्टी वाचावी. पट्टी हरवली असेल तर धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा: खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते, ज्योत दूर करताच विझू लागते आणि तिची राख चुरगळते, ॲक्रिलिक वितळते आणि थंड झाल्यावर त्याचा कठीण काळा मणी होतो. ॲक्रिलिकची पिशवी एकदा ताणली गेली की धुण्याने फारशी मागे येत नाही. खऱ्या लोकरीच्या तंतूला नैसर्गिक नागमोडी वळण असते, त्यामुळे ती भिजवून आकारात बसवली की पुष्कळशी पूर्ववत होते. मात्र यंत्रात धुण्यासाठी प्रक्रिया केलेली लोकर पाण्यात अनपेक्षितपणे पसरते, म्हणून पिशवीसाठी ती मी टाळते.

करड्या रंगाबद्दलही एक शब्द. वेणीचा उठाव ही छायेची किमया आहे. फिकट आणि मध्यम करड्यावर ती स्पष्ट दिसते, कोळशासारख्या गडद करड्यावर बुडून जाते. काही जणींची वेणी सपाट झालेली नसते, फक्त गडद रंगामुळे तशी भासते. खिडकीशी तिरप्या उजेडात पाहिले की खरे काय ते कळते. सारे गुंडे एकाच रंगघाण्याचे, म्हणजे पट्टीवर एकच लॉट क्रमांक असलेले घ्यावेत.

या भागात धनगरांच्या घोंगड्यांची दख्खनी लोकर करड्या-काळ्या नैसर्गिक रंगात मिळू शकते, आणि तिची पिशवी विणावी ही इच्छा अगदी स्वाभाविक आहे. ती खरखरीत, बळकट आणि पिशवीला साजेशी असते. पण घोंगडीसाठी कातलेले सूत एकपदरी असते आणि विणताना ते पीळ सोडून तुटते. दोन सुते उलट दिशेने पिळून दुपदरी करून घेतली तर काम होते. घोंगडीच्या सुताला चिंचोक्याची खळ देतात हे ठाऊक असल्यामुळे मी एकदा विणलेल्या तुकड्याला ती लावून पाहिली होती. मागावर ताणून बसवलेल्या सुताला ती उत्तम मानवते. सुईवर विणलेल्या फाशांना मात्र नाही, कारण फासे सतत हलतात आणि खळ भेगाळून गळते. पावसाळ्यात त्या तुकड्याला बुरशीही आली. पिशवी ताठ करण्याचा हा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही.

वरच्या सर्व गोष्टी सांभाळूनही अस्तराशिवायची पिशवी काही महिन्यांत लांबणारच, असे माझे ठाम मत आहे. वजन फाशांनी नव्हे तर कापडाने पेलले पाहिजे. अस्तरे मी अनेक पिशव्यांना पाहिली, पण ती बहुतेक शोभेची होती: पिशवीपेक्षा लांब, आत घडी पडलेली, वरच्या कडेला चार टाक्यांनी अडकवलेली. अशा अस्तराला लोकर पूर्ण ताणल्याशिवाय वजन लागतच नाही. अस्तर पिशवीच्या रुंदीइतकेच रुंद, पण उंचीला दीड सेंटिमीटर आखूड हवे, म्हणजे सामानाचा तळ अस्तरावर टेकतो आणि लोकरीचा तळ त्याखाली मोकळा राहतो. कापड जाड मांजरपाटाचे घ्यावे आणि बेतण्यापूर्वी रात्रभर भिजवून वाळवावे. कोरे कापड तसेच शिवले तर पहिल्या धुण्यात ते आटते आणि पिशवीला सुरकुत्या पाडते. पुष्कळ जणींना जुन्या इरकलीचा पदर अस्तराला लावायचा असतो, आणि करड्या लोकरीतून डोकावणारा तो लाल रंग मलाही फार आवडतो; पण जुन्या साडीचे सूत विरलेले असते, म्हणून पदर आतल्या दर्शनी बाजूला आणि त्याच्या मागे मांजरपाट, असे दुहेरी अस्तर करावे.

बंदाची नवार लोकरीच्या कडेला शिवून थांबवू नये. तिची टोके तोंडाच्या पट्टीखालून आत नेऊन अस्तरावर किमान पाच सेंटिमीटर खाली उतरवावीत आणि तेथे चौकोन शिवून त्यात फुलीची शिलाई घालावी. आता खांद्यापासून नवार, नवारेपासून अस्तर, अस्तरापासून सामान अशी वजनाची एक सलग वाट तयार होते आणि लोकर या वाटेच्या बाहेर राहते. शेवटी अस्तराची वरची कड तोंडाच्या पट्टीच्या आतून बारीक हातशिलाईने जोडावी. शिवताना पिशवी ताणू नये. पूर्वीची लोंबलेली पिशवीदेखील भिजवून, आकारात बसवून, वाळवून असे अस्तर दिले तर उसवल्याशिवाय वाचते. पाचापैकी चार जणींना मी हाच सल्ला देते.

दोन किरकोळ दोषांचा उल्लेख करते, कारण त्यांना लांबणीची सुरुवात समजण्याची चूक होते. वेणीच्या डाव्या कडेचा सुलट टाका फुगीर आणि सैल दिसतो, कारण सुलटवरून उलटकडे जाताना धागा मागून पुढे येतो आणि त्या वाटेला तो जास्त लागतो. वेणीनंतरचा पहिला उलट टाका विणताना धागा नेमका तेथे आवळून घ्यावा. आणि एखादी वेणी मध्येच उलट्या दिशेला वळली असेल, तर बदली सुई, म्हणजे ओलांडायचे टाके तात्पुरते धरणारी सुई, पुढे धरली की पेड डावीकडे झुकतो आणि मागे धरली की उजवीकडे, हे लक्षात घेऊन तेवढेच सहा टाके त्या ओळीपर्यंत सोडावेत आणि क्रोशाच्या सुईने व दुटोकी सुयांनी पुन्हा वर चढवावेत. सारी पिशवी उसवण्याची गरज नाही.

धुण्याबाबत आपल्या हवेचा विचार करणे आवश्यक आहे. लोकर हाताला ओली न लागताही आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्क्यांपर्यंत ओलावा शोषून घेते, आणि ओलावलेली लोकर कोरडीपेक्षा सहज ताणली जाते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बेळगावात आणि त्याहूनही अधिक खानापूरच्या घाटाकडील गावांत हवा सतत दमट असते, त्यामुळे हिवाळ्यात ठीक राहिलेली पिशवी आषाढात लोंबू लागते. या महिन्यांत ती खुंटीला टांगून ठेवू नये. रिकामी करून सपाट ठेवावी. धुणे नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत उरकावे. कोमट पाण्यात रिठ्याचा फेस करून पिशवी वीस मिनिटे बुडवून ठेवावी, चोळू अथवा पिळू नये, पंचात गुंडाळून दाबून पाणी काढावे आणि चटईवर मूळ मापात पसरावी. पसरताना रुंदीला ओढू नये, उलट दोन्ही तळहातांनी कडा आत ढकलून वेण्या बोटांनी वर उचलून द्याव्यात. गरम इस्त्री किंवा वाफ वेणीवर कधीही धरू नये, कारण एकदा चेपलेला उठाव परत आणणे फार कठीण असते.

अस्तर बसवल्यावर तांदळाची कसोटी पुन्हा एकदा घ्यावी. माझ्या तिसऱ्या पिशवीची उंची रात्रभर टांगून तीस सेंटिमीटरांवरून साडेतीस झाली आणि तांदूळ काढल्यावर दोन तासांत ती परत तिसावर आली. बंद जागचा हलला नाही. तुमच्या पिशवीची वाढ एक सेंटिमीटरहून अधिक असेल, तर अस्तर अजून लांब आहे असे समजावे, तळाची शिलाई उसवून ते आणखी अर्धा सेंटिमीटर आखूड करावे आणि त्या रात्री पुडी पुन्हा टांगावी.